सत्काराची शाल

एसटी स्टँडवर हिरकणी कक्षाचं उद्घाटन होतं. तान्ह्या बाळांना पाजायला आयांना हक्काची खोली मिळाली, ती विभावरीबाईंच्या खटपटीमुळे. म्हणून त्यांचा सत्कार होता आणि ‘बाळाला घेऊन पुढेच बस’ असा मला त्यांचा निरोप होता.

मी त्यांच्या बाळंतपणाच्या वर्गातली. कापडी बाहुली छातीशी धरून त्यांनी आम्हाला पाजायला शिकवलं. सासूबाई ‘चारचौघांत नको’ म्हणाल्या, तेव्हा घरी येऊन त्यांना समजावलं. बाईंच्याच जोरावर मी या स्टँडच्या बाकावर, टक लावून बघणाऱ्यांसमोर, ओवीला पाजत आले होते.

पाहुण्यांनी बाईंना शाल पांघरली आणि इकडे ओवी भुकेने रडायला लागली. खोलीची फीत अजून कापायची होती. मी पदर सावरून तिला पाजायला घेतलं. बाई लगबगीने व्यासपीठावरून उतरल्या. मला वाटलं, शेजारी बसतील, वर्गात बसायच्या तशा.

त्यांनी अंगावरची शाल काढली आणि माझ्या डोक्यावरून पार गुडघ्यापर्यंत टाकली. “अगं, समोर फोटोग्राफर आहे,” त्या कुजबुजल्या. “एवढे मोठे लोक आलेत. जरा भान ठेव.”

आत अंधार झाला, उकडायला लागलं. ओवीने दूध सोडून भोकाड पसरलं. बाहेर माईकवर बाईंचा आवाज आला, वर्गातलाच, खणखणीत. “बाळाला भूक लागली की आईने जागा बघायची नाही, माणसं बघायची नाहीत.”

टाळ्या इतक्या वाजल्या की ओवीचं रडणं मलासुद्धा ऐकू येईना.