धरणफुटीचं बातमीपत्र

पडद्यावरची तरुण कुमुदिनी धरणफुटीतल्या मृतांची नावं वाचताना अडखळली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. समोर खुर्चीत बसलेल्या, सत्तरी उलटलेल्या कुमुदिनीबाई भडकल्या.

"धादांत खोटं! त्या दिवशी माझ्या डोळ्याला पाणीसुद्धा आलं नव्हतं. सगळी नावं घडाघडा वाचली मी."

"मॅडम, मूळ टेप तर वाहिनीने काटकसरीपायी केव्हाच पुसली," शाल्मली समजुतीने म्हणाली. वरुणभूमीच्या राष्ट्रवाहिनीच्या सुवर्णमहोत्सवासाठी जुनी बातमीपत्रं प्रेक्षकांच्या मेंदूतून उतरवून घेण्याचं काम तिच्याकडे होतं. "हे लोकांच्या आठवणींतून जुळवलंय."

"लोकांना काय, तिखटमीठ लावायची सवयच असते!"

"पण एकमेकांना न ओळखणाऱ्या, गावोगावच्या माणसांना तुम्ही एकाच नावापाशी अडखळलेल्या आठवता. यदुनाथ सावे. आम्ही खूप शोधलं, पण हा ना कुणी मंत्री, ना पुढारी. कोण होते हे?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. तिथली कुमुदिनी डोळे पुसून पुढचं नाव वाचायला लागली होती.

"माझा धाकटा भाऊ," त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं स्वतःला दगड म्हणत आले."