सतरा कामांना हो

‘आजारापूर्वी स्वतः करत होता का?’ असा रकाना होता आणि त्याखाली सतरा कामं होती. साहेबांनी सतराही कामांना ‘हो’ म्हटलं, फायलींवर सह्या ठोकाव्यात तसं, न थांबता. अंथरूण घालणे, हो. कपडे वाळत घालणे, हो. चहा करणे, अर्थात. कपडे वाळत घालण्यापाशी शेजारी बसलेल्या बायकोने एकदा मान वर केली आणि मग पुन्हा पर्सच्या चेनशी खेळायला लागली.

बाहेर हॉस्पिटलची ‘व्यवसायोपचार विभाग’ अशी पाटी होती, खाली बारीक अक्षरात ‘ऑक्युपेशनल थेरपी’. व्यवसाय म्हटल्यावर टेबल असेल, कागद असतील, सह्या करून दाखवायच्या असतील, अशी साहेबांची समजूत. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्याने लुळा पडलेला उजवा हात आता सही करत होता. घरी त्यांनी वहीभर करून पाहिल्या होत्या. आज इथून फिटनेस सर्टिफिकेट मिळालं की सोमवारी रुजू. तूर्त त्यांच्या खुर्चीवर हाताखालचा माणूस बसत होता आणि त्याने म्हणे खुर्चीची उंची बदलून घेतली होती.

पण रकाने भरून झाल्यावर थेरपिस्ट मुलीने त्यांना शेजारच्या खोलीत नेलं, तर तिथे निघालं स्वयंपाकघर. ओटा, गॅस, बेसिन, सगळं जागच्या जागी. कोणी राहत मात्र नव्हतं.

“काका, दोन कप चहा करा,” ती म्हणाली. “एक तुम्हाला, एक काकूंना. घाई नाही.”

गेल्या वीस वर्षांत ऑफिसात त्यांना कोणी काका म्हटलं नव्हतं. साहेबांनी ते गिळलं आणि लायटर उचलला. तीनदा निसटला, चौथ्यांदा गॅस पेटला. त्यांनी मागे वळून पाहिलं. मुलीने काहीतरी चांगलं लिहून घेतल्यासारखं दिसलं. मग त्यांनी पातेलं चढवलं, रिकामंच, आणि त्यात चहापूड टाकली.

जरा वेळाने जळका वास सुटला.

“आता पुढे काय, काका?”

“पाणी,” साहेब म्हणाले, जणू तसंच ठरलेलं होतं. पातेलं फिस्कारलं. मग दूध ओतलं, मग थोडं कमी वाटलं म्हणून परत पाणी. उकळी येण्याची वाट पाहायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. दोन्ही कपांत दोन-दोन चमचे साखर घालून त्यांनी चहा सरळ ओतला. गाळणं समोरच टांगलेलं होतं, पण त्याची आणि साहेबांची ओळख नव्हती.

मुलगी आता भराभर लिहीत होती. “काकू साखर किती घेतात?”

“दोन चमचे.”

मुलीने बायकोकडे पाहिलं.

“नऊ वर्षं झाली,” बायको म्हणाली. “साखर बंद आहे.”

मुलीने तेही लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. तिच्या आवाजात मऊपणा आला. साहेबांना तो मऊपणा ओळखीचा होता; निवृत्त होणाऱ्या शिपायांशी ते स्वतः असंच बोलत.

“काका, हात छान सुधारलाय. पण रोजच्या कामाचा क्रमच गेलाय. घरातल्या जुन्या गोष्टीही आठवत नाहीत. हे हाताचं नाही, मेंदूचं आहे. मला तसं लिहावं लागेल. सोमवारचं इतक्यात नको.”

बायकोच्या एका वाक्याने सुटका झाली असती. ती कपातल्या चहावर तरंगणारी पूड पाहत होती.

“हे विसरलेलं नाही,” साहेब म्हणाले.

“मग?”

“येत नव्हतं.”

“कधीपासून?” मुलीने पेन उचललं. फॉर्मवर तारखेची जागा होती.

साहेबांनी गॅस बंद केला. खरं तर बंद करायचं त्यांना आत्ता सुचलं. “पहिल्यापासून,” ते म्हणाले.

मुलीने पान मागे उलटलं. “अंथरूण घालणे?”

“नाही.”

“कपडे वाळत घालणे?”

“नाही.”

“मोठ्याने, काका. ऐकू येत नाही.”

सतरापैकी चौदा कामं खोडली गेली. दात घासणे आणि जेवणे उरलं. बूट घालण्यापाशी मुलगी अडली, तेव्हा बायको म्हणाली, “ते येतं त्यांना. पुसून मी ठेवते, पण घालतात ते.” आवाजात ना राग, ना हसू. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

“आणि साखरेचं?” मुलीने विचारलं. “ते तरी विसरलात ना?”

इथे हो म्हणणं सोपं होतं. साहेबांच्या ओठांवर ते आलंही.

“नाही,” ते म्हणाले. “कधी विचारलंच नव्हतं.”

मुलगी मोकळी झाली. चेहऱ्यावर हसूही आलं. “मग काही काळजी नाही. आजाराने गेलेलं परत आणणं हे आमचं काम. मुळात नव्हतंच, ते आमच्याकडे येत नाही.” तिने नवा फॉर्म घेतला, भरला, शिक्का मारला आणि वाचून दाखवला. “रुग्ण आजारापूर्वीच्या स्थितीत पूर्णपणे परतला आहे. कामावर रुजू होण्यास हरकत नाही.”

तिने कागद बायकोच्या हातात दिला. बायकोने त्या ओळीखालून बोट फिरवत सावकाश वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

साहेब ओट्याशीच उभे होते. “दुसरं काही लिहिता येणार नाही का?” त्यांनी विचारलं.

“यापेक्षा चांगलं आम्ही काही लिहीतच नाही, काका,” मुलगी म्हणाली.