पंखावरचा उस्ताद

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. विमानाच्या पंखावर चढताना त्याने कधी सेफ्टी बेल्ट बांधला नाही, आणि जो बांधेल त्याची धडगत नसे. नवी मेकॅनिक बेल्टचा हूक अडकवायला लागली की खालच्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "ताईसाहेब, बांधून ठेवायला आपण काय म्हशी आहोत?" पोरं खिदळायची. त्यातल्या दोघांनी तर तिथल्या तिथे आपले बेल्ट सोडून टाकले.

"उस्ताद, आत्ताच धुतलंय विमान. पंख ओला आहे," एका सकाळी ती म्हणाली.

"मग छत्री घेऊन चढा."

एवढं बोलून त्याने पाय टाकला, तो सटकलाच. एका मजल्याच्या उंचीवरून तो खाली फरशीवर आदळला.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली. त्याच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. पुन्हा चालता येईल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. बायको उशाशी डोळे पुसत बसली होती. तिला पाणी आणायला पाठवून त्याने मेकॅनिकला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "मी पडलो तेव्हा कोण कोण हसलं?"

"कुणीच नाही, उस्ताद. सगळे हातातलं टाकून धावले तुमच्याकडे."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा विश्वास बसला नाही. दुसरं कुणी पडलं असतं, तर तो पोट धरधरून हसला असता.