केळीचं पान जिथे अडलं

"बाबा, सदरा काढा," फिलिपिनो सून म्हणाली.

पाठ धरून आडवे झालेले भाऊ खोत हादरले. विहीणबाईंसमोर उघडं व्हायचं? पण विहीणबाई तिकडे गावात हाताने आजार काढणाऱ्या म्हणून नावाजलेल्या. खोबरेल लावून निखाऱ्यावर शेकलेलं केळीचं पान घेऊन त्या तयारच होत्या.

"दुखतंय पाठीत," भाऊ कण्हले, "आणि या पोटावर काय शोधतायत?"

"मम्मी म्हणते शरीर, मन, घर, सगळं एकच. पान चिकटेल तिथे बिघाड."

पान छातीवरून सुळकन घसरलं आणि बेंबीच्या वर घट्ट थांबलं. भाऊंनी डोळे मिटले. साखर वाढल्यापासून त्यांचं गोड बंद होतं. निदान घरात तसा समज होता. विहीणबाईंनी पान उचललं, तिथे बोट फिरवलं, वास घेतला.

"मँगा," त्या म्हणाल्या. भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही.

"आम्रखंड," भाऊंच्या बायकोने कपाळाला हात लावला. "आडवं पडून खाल्लंत ना? लाज वाटू द्या."

"मम्मी म्हणते, घरात आजार एकट्याला होत नाही," सून म्हणाली. "आई, आता तुम्ही आडव्या व्हा."

सासूबाई पदराने ओठ पुसत मागे सरकल्या. "मला काय धाड भरलीय? आमटी उतू जाईल माझी."

"तरीच म्हणतो, मी चमचाभर खातो आणि डबा तळाला कसा लागतो," म्हणत भाऊ ताडकन उठून बसले.

विहीणबाईंनी हात पुसले. त्यांच्या मते पाठ मोकळी झाली होती.