धुऱ्यावरची कुस्ती

महारुद्रच्या कुऱ्हाडीचा पहिला घाव जुवावर बसला. बैल बुजले आणि वखरासकट उधळले. दुसरा घाव रामच्या डोक्यावर यायचा, पण त्यानं मान वळवली म्हणून कानावर निभावलं. अर्धा कान लोंबायला लागला. रामनं तिकडं हातसुद्धा नेला नाही. हातातली बैल हाकायची पराणी उलटी धरून तिचा खिळा त्यानं महारुद्रच्या मांडीत घातला आणि उपसून पुन्हा घातला.

नचिकेत धापा टाकत धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, पोचला तेव्हा हे दोघे चुलतभाऊ रक्तानं माखून एकमेकांभोवती फिरत होते. त्याच्यामागून आबासाहेब आले. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचे ते जुने पंच. बोरीच्या पोलिसांना फोन लावून झाला होता, पण ते यायच्या आत इथं एक तरी मढं पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

भांडण दोघांच्या शेतांमधल्या पट्टीचं. पट्टी कसली, वखराच्या दोन फेऱ्यांत संपणारी चिंधी. पण आज्याच्या काळापासून ती कुणाची हे ठरलं नव्हतं, आणि कोर्टातही तारखांपलीकडं काही हाती लागलं नव्हतं. म्हणून गावानं आपली तोड काढली होती. जत्रेतली शेवटची कुस्ती या दोन घरांची. जिंकेल त्यानं यंदा पट्टी पेरायची. ज्याची पाठ मातीला लागेल त्यानं वर्षभर तिकडं वाकड्या नजरेनंही बघायचं नाही. आणि आजवर कुणी बघितलंही नव्हतं. कुस्ती म्हणायची आपली एक रीत. तिच्यात बुक्की चालायची, कोपर चालायचं, डोकं चालायचं. गेल्या जत्रेत रामच्या बरगड्या मोडल्या.

ते नचिकेतनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘ग्रामीण खेळ आणि समाज’ हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. त्यानं लिहिलं, हा खेळ नव्हे, खेळाचं नाव घेतलेला रानटीपणा आहे आणि तो बंद झाला पाहिजे. परभणीच्या परिसंवादात टाळ्या पडल्या. टाळ्यांचं काय, त्या पडतातच. पेपरात बातमी आली, गावाला लाज वाटली, आणि यंदाची जत्रा त्या कुस्तीविना पार पडली. त्याचा परिणाम किती चांगला झाला हे बघायला नचिकेत आज सकाळीच आला होता. आबासाहेबांच्या ओट्यावर चहाचा घोट घेतोय, तोच शिवारातून आरडाओरडा आला.

“सोडा रे,” आबासाहेब ओरडले. “एका आज्याचं रगत हाय तुमचं.”

“आबा, मधी यऊ नका.” महारुद्रनं कुऱ्हाड दोन्ही हातांनी धरली. “आज ह्याला ह्याच पट्टीत गाडतो. मंग पेरू दे त्याला.”

“ये की,” राम म्हणाला. “दोघं बी गाडून घिऊ.”

आबासाहेब नचिकेतकडं वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच बोलणं जास्त लागलं. “सर, माजं कोन ऐकायलंय आता? त्यांची कुस्ती व्हती तवर ऐकत व्हते.”

नचिकेतला भीती वाटत होती आणि भीतीहून जास्त शरम. कुऱ्हाड वर गेली. आपण काय करतोय हे कळायच्या आत तो दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला.

“कुस्ती लावतो,” तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. “आत्ता. इथंच. तुमच्या जुन्या नियमानं.”

कुऱ्हाड वरच्या वर थांबली.

“पंच कोन?” रामनं विचारलं.

“मी.”

महारुद्रनं कुऱ्हाड ढेकळांत टाकली. रामनं पराणी टाकली. नचिकेतनं दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. रक्तानं ते निसटत होते.

महारुद्रनं रामचा लोंबता कान मुठीत धरून ओढला. राम गुरासारखा हंबरला आणि त्यानं कपाळ महारुद्रच्या नाकावर आदळलं. नाक फुटलं. दोघं ढेकळांत लोळले, तोंडात माती आणि रक्त. मग राम कसा कोण जाणे महारुद्रच्या पाठीमागं गेला. त्यानं त्याचा उजवा हात धरला आणि उलटा पिळायला घेतला. महारुद्र दात खात होता, पण पाठ टेकू देत नव्हता. हात जिथं वळायला नको तिथं वळत चालला.

थांबवायला नचिकेतनं तोंड उघडलं. थांबवली तर निकाल लागणार नव्हता, आणि कुऱ्हाड तिथंच पडली होती. त्यानं तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाचा तरी हात मोडायची वाट बघत होता.

वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. महारुद्र उताणा पडला. त्याचे दोन्ही खांदे मातीला लागले.

“चीत,” नचिकेत म्हणाला.

राम बाजूला झाला आणि गुडघ्यांवर बसला. त्याच्यात उठायचंही त्राण उरलं नव्हतं. महारुद्रचा उजवा हात कोपरापासून नुसता लटकत होता. डावा हात मात्र सरकत सरकत कुऱ्हाडीपाशी गेला. दांडा मुठीत आला. आबासाहेबांनी डोळे मिटले.

दांडा मातीत रोवून, त्यावर भार देत महारुद्र उभा राहिला. तोंडातलं रक्त थुंकला.

“पेरून घे,” तो रामला म्हणाला. “पुढल्या जत्रंला बघतो तुला.”