हो म्हणणारा उमेदवार

“वाचायचं नाटक पुरे. हो की नाही, एकदाचं दाबा,” बुवा खेकसले.

चष्मेवाली उमेदवार जागची हलली नाही. सरावाच्या संगणकावर लिनक्स या संगणकप्रणालीचं अपडेट अडून बसलं होतं. नवं टाकायचं तर जुनं बरंच काही काढावं लागेल, काढू का, असं ते विचारत होतं.

“यात पडद्यावर चित्र दाखवणारा भागच उडतोय,” ती म्हणाली. “मी नाही म्हणेन. दुरुस्ती येईपर्यंत थांबेन, आणि तेव्हाही आधी सगळ्याची प्रत काढून ठेवेन.”

“भित्र्या आहात तर.”

“आहे ना. म्हणून माझी यंत्रं चालू असतात.”

बुवांच्या कपाळावरची शीर तडतडली. “कळवू,” म्हणत त्यांनी तिला दार दाखवलं.

पार्किंगच्या फाटकांची सॉफ्टवेअरं बनवणारं ते ऑफिस. तिथल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स होतं, तेही अजून घडत असलेलं, रोज काहीतरी कच्चं येऊन आदळणारं. तो हट्ट बुवांचाच. पक्की, स्थिर आवृत्ती घेतली तर यंत्रं बिघडणार कशी? आणि बिघडलीच नाहीत तर बुवांना विचारतंय कोण? संगणक मेला की लोक तोंड पाडून येत. बुवा आधी त्यांच्या अकलेचा उद्धार करत, मग चहा पीत, मग दुरुस्त करत. त्यांचा भाव टिकून होता तो एवढ्यावरच.

मालकीण म्हणजे त्यांची थोरली वहिनी. ती परवा म्हणाली होती, “भाऊजी, हाताखाली माणूस घ्या. निवड तुमची, मी मधे पडणार नाही.”

बुवा काही दुधखुळे नव्हते. आज हाताखाली आलेला उद्या डोक्यावर बसतो. त्यांना असा माणूस हवा होता, ज्याला सात जन्मांत त्यांची खुर्ची पेलणार नाही.

दुसरा उमेदवार जांभई देतच आत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“पडद्यावरचं नीट वाचा आणि मग—”

त्याने हो दाबलं होतं. थोडी खुडबुड झाली, संगणक पुन्हा सुरू होऊ लागला आणि पडदा काळाठिक्कर पडला.

“गेलं की हो,” तो म्हणाला. “दुसरा असेलच ना तुमच्याकडे?”

“आधी प्रत काढली होती?”

“कसली प्रत?”

बुवांना त्याला मिठी मारावीशी वाटली. हा गडी एकटा ऑफिस आडवं करेल, आणि उभं करायला बुवाच लागतील! “बाहेर बसा. तुमचं काम झालं,” ते प्रेमाने म्हणाले.

वहिनी केबिनमध्ये वाट पाहत होती. “निवडलात?”

“निवडला. धडाडीचा आहे. पटापट निर्णय घेतो.”

“आणि ती मुलगी?”

“नुसती चालढकल. आपल्या कामाची नाही.”

“पुन्हा एकदा विचार करा, भाऊजी.”

“निवड माझी म्हणाला होतात. आता का पोटात दुखतंय?”

वहिनी उठली. तिने दार उघडून जांभईवाल्याला आत बोलावलं आणि त्याला स्वतःची खुर्ची दिली.

“भाऊजी, हे मीच बोलावलेले जाणकार, वेंधळेपणा नुसता नाटकाचा. उद्यापासून तुमच्या जागेवर हे,” ती म्हणाली. “त्या मुलीला घेतलं असतंत, तर हे आजच परत जाणार होते.”