खून नसलेली कादंबरी

“बाई, ह्यात एक बी खून न्हाय की,” सिद्धेश्वर म्हणाला आणि त्यानं पुस्तक सतरंजीवरून परत सरकवलं.

इंद्रायणीबाईंनी ते उचललं नाही. आणखी आठवडाभर ठेवून घे, एवढंच म्हणाल्या.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका. दर शनिवारी सकाळी जुळे सोलापूर या वसाहतीतून रिक्षानं तुरुंगात यायच्या. कैद्यांसाठी वाचनवर्ग चालवायची परवानगी मिळवायला त्यांना बरेच हेलपाटे पडले होते. या वयात कशाला दगदग करता, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाई अर्ज करत राहिल्या.

वर्गात शिकवणं असं नव्हतं. बराकीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकायची, आपण काय वाचलं ते सांगायचं आणि दुसऱ्याला काहीतरी सुचवायचं. त्यातून बाईंनाही सुटका नव्हती. कुणी सुचवलेलं पुस्तक त्यांनीही वाचून यायचं. आणखी एक नियम बाईंनीच घातला होता. कोण कशासाठी आत आलंय, हे कुणी कुणाला विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही.

अक्कलकोटकडचा निंगप्पा प्रवासवर्णनांवर खूश होता. हिमालयातली एक चढण त्यानं अर्धी मराठीत, अर्धी कानडीत अशी रंगवून सांगितली, की पहाऱ्यावरचा शिपाईही ऐकत थांबला. विज्ञानकथा मात्र त्याला पटत नसत. माणसाला हितलंच धड जमंना, तो दुसऱ्या ग्रहावर जाऊन काय करणार, असं त्याचं म्हणणं. कवितासंग्रह सगळ्यांच्या हातून फिरून कोराच परत आला. भुताच्या गोष्टींची पानं सुटली.

सिद्धेश्वर मोहोळचा, टेम्पोवर ड्रायव्हर होता. त्याला फक्त रहस्यकथा लागत. बाईंना तो सारखी एक सुचवायचा. शेवटी बाईंनी ती मनापासून वाचली. गुंता छान बांधलाय, खुनी मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही, असं त्यांनी वर्गात कबूल केलं. सिद्धेश्वर खुलला.

“पण पहिल्या पानावर जो मेला, त्याचं काय?” बाई म्हणाल्या. “तो कुणाचा कोण होता, सकाळी काय खाऊन निघाला होता, काहीच नाही.”

“त्याचं काय सांगायचं, बाई? मेला की तो. गोष्ट फुडं जायला पायजे.”

 बाईंनी ती खून नसलेली कादंबरी पुन्हा त्याच्यापुढं ठेवली.

कादंबरीत घडत असं फारसं नव्हतं. संध्याकाळी घरी यायचा माणूस येत नाही, आणि घर वाट बघत राहतं, एवढंच. सिद्धेश्वर दर शनिवारी नवं कारण सांगायचा. स्वयंपाकाचीच वर्णनं लई हायत. अक्षर बारीक हाय. एकदा तर सगळं वाचून झालं म्हणाला. शेवट सांग, म्हटल्यावर त्यानं ठोकून दिलं की माणूस परत येतो आणि सगळी जेवायला बसतात.

“नाही वाचलंस तू,” बाई म्हणाल्या.

निंगप्पानं त्यांना बाजूला घेऊन समजावलं. ज्याला जे रुचतं ते द्यावं, बळंच कशाला भरवायचं, असं त्याचं मत. बाईंनी ते ऐकून घेतलं. पण सिद्धेश्वरला दुसरं पुस्तक काही दिलं नाही. हेच वाचेल तो, म्हणाल्या.

घरी नारायणराव, त्यांचे यजमान, शनिवारी त्यांच्याशी बोलत नसत. गावात वाचनालयं आहेत, शाळा आहेत, तुला तिथंच कशाला जायचंय, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मला तिथंच जायचंय, असं बाईंनी सांगितलं होतं. पिशवी भरून त्या निघाल्या, की नारायणराव पाठ करून बसत.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली, ऊन तापायला लागलं. एका शनिवारी वर्ग संपला, बाकीचे उठले आणि सिद्धेश्वर बसून राहिला. कादंबरी त्याच्या मांडीवर होती.

वाचली, म्हणाला. शेवट दोनदा वाचला. ती बाई ताटावर ताट झाकून ठेवते, ते काही डोक्यातून जात नाही, म्हणाला.

मग बाईंचा नियम त्यानंच मोडला. खाली बघत, अडखळत सांगत राहिला. मोहोळच्या रस्त्यावर, प्यालेला असताना त्यानं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. माणूस जिवंत होता. पाणी मागत होता. सिद्धेश्वर घाबरला आणि टेम्पो घेऊन पळाला. दवाखान्यात नेला असता तर वाचला असता, असं कोर्टात डॉक्टर म्हणाले. अनिमेष नाव त्याचं. त्याचे वडील तारखेला यायचे, त्यांच्याकडं सिद्धेश्वरनं कधी मान वर करून बघितलं नाही. आई एकदाही आली नाही.

बाई हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

“बाई, एक इचारू?” सिद्धेश्वर म्हणाला. “त्याच्या आईला एक पुस्तक पाठवावं म्हणतोय. हे नगं. ह्यातलं तिला समदं ठावं असंल. तुमी लई वाचलंय. तिला कुठलं देऊ?”

शिपायानं वेळ झाल्याची खूण केली. बाई उठल्या नाहीत.

“तूच निवड,” इंद्रायणीबाई म्हणाल्या. “आणि पाठवू नकोस, पुढच्या शनिवारी माझ्या हातात दे. अनिमेष माझा मुलगा.”